भोपळ्यात बसलेला रंग

१. पेनवरचा आकडा

गोवंडीला माझी मामेबहीण राहते. तिच्याकडे एकदा पाण्याचा फिल्टर विकणारा मुलगा आला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. त्याने खिशातून पेनसारखं एक यंत्र काढलं, नळाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि आकडा दाखवला : ७८. मग स्वतःच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून त्यात बुडवलं : ९. ‘ताई, फरक तुम्हीच बघा.’

एवढ्यावर ताई बधत नाहीत असं दिसल्यावर त्याने दुसरं हत्यार बाहेर काढलं. चार सळया असलेली एक पट्टी, दोन सळया या ग्लासात, दोन त्या ग्लासात, आणि वायर प्लगमध्ये. तीन-चार मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी झालं, वर मळकट फेस आला. त्याचं पाणी मात्र जसंच्या तसं. बहिणीने मला फोन लावला. ‘दादा, इतकी वर्षं आम्ही हे पितोय?’

मी म्हटलं, ‘त्याच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि म्हणावं, पुन्हा लाव.’

दोन मिनिटांनी फोनवर आधी भाच्याचं हसू ऐकू आलं. तोही ग्लास तपकिरी झाला होता.

तो रंग पाण्यातला नव्हताच, सळयांमधल्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते. वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी जात नाही, म्हणून ते ‘शुद्ध’ दिसतं. पेनही हेच करतं. पाण्यातून किती वीज जाते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. त्यालाच टीडीएस म्हणतात. आपल्या मानकांप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी चांगलं. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाने भरणाऱ्या तलावांतलं. त्यात क्षार मुळातच कमी. ७८ हा आकडा घाबरण्याचा नाही.

पण पेनची खरी अडचण वेगळी आहे. ते लग्नाच्या हॉलच्या दारात उभं राहून डोकी मोजणाऱ्या माणसासारखं आहे. किती आले ते सांगेल. जेवायला आलेला कोण आणि चपला पळवायला आलेला कोण, हे त्याला कळत नाही. ७८ मध्ये कॅल्शियम आहे की शिसं, त्याच्या लेखी सगळं सारखंच.

संध्याकाळी बहिणीने विचारलं, ‘मग नेमकं कोण आहे ते सांगणारं पेन नाही का?’

२. एकशे पंधरा कोटींत एक

आधी कामाचं माप काढू. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आपलं मानक सांगतं. म्हणजे पाण्यात शिशाचे किती कण?

शिशाच्या २०७ ग्रॅममध्ये ६ वर २३ शून्यं इतके अणू असतात. त्या हिशोबाने ०.०१ मिलिग्रॅममध्ये सुमारे २९० कोटी कोटी अणू निघतात. आकडा प्रचंड वाटतो, पण एक लिटर पाण्यात पाण्याचेच रेणू किती आहेत ते पाहिलं की तो पार बापुडा होतो. भागाकार केला तर उत्तर येतं : पाण्याच्या सुमारे ११५ कोटी रेणूंमागे शिशाचा एक कण. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे. अख्ख्या देशातून एक माणूस शोधायचा, तोही पत्ता नसताना.

आणि तो एकटा नाही. त्याच लिटरात २० मिलिग्रॅम सोडियम आहे असं धरा. नळाच्या पाण्यात इतकं सहज असू शकतं. मग शिशाच्या एका कणामागे सोडियमचे १८ हजार कण होतात. शोधणाऱ्याने या १८ हजार जणांना हात न लावता त्या एकालाच धरायचं आहे.

पाण्यातले हे कण विद्युतभार घेऊन फिरत असतात. अशा भारित कणाला आयन म्हणतात. यापुढे तो शब्द वापरू.

३. हळदीचा डाग

रेणूने रेणू ओळखण्याचा प्रयोग आपल्या घरात रोज होतो, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. वरणाचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो. हळदीतला करक्युमिन नावाचा रेणू अल्कधर्मी पदार्थ भेटला की आपला एक हायड्रोजन सोडतो, त्याच्या अंगातले इलेक्ट्रॉन नव्याने मांडले जातात, आणि पिवळ्याचा लाल होतो.

रेणवीय संवेदकाची दोन्ही कामं इथे आहेत : समोरच्याला ओळखायचं, आणि ओळखल्याची खबर बाहेर सांगायची. हळद दोन्ही करते, पण पहिलं काम ढोबळ करते. साबण, चुना, सोडा, काहीही द्या, ती लालच होणार. अल्क आलं एवढं कळतं, कुठलं आलं ते नाही.

खबर देण्याचा याहून तीक्ष्ण मार्ग म्हणजे उजेड. किराणा दुकानात नोट तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याच्यातून डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पडतो. नोटेतले काही धागे तो पितात आणि दिसणाऱ्या रंगात परत टाकतात. टिनोपालमध्ये धुतलेला पांढरा शर्टही त्या दिव्याखाली असाच निळसर उजळतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. रंग बदलण्यापेक्षा उजळणं बरं, कारण भरदुपारी एक दिवा लागला तर कोणाला कळत नाही, पण अमावास्येच्या रात्री ठाण्याच्या खाडीत एकाच होडीवर कंदील असला तरी तो काठावरून दिसतो. अंधारात एकच दिवा मोजणं सोपं.

तर आता दोन गोष्टी हव्यात. नेमकी पकड, आणि पकडल्यावर लागणारा दिवा.

४. भोकाचं माप

नेमक्या पकडीचा शोध चुकून लागला. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत चार्ल्स पेडरसन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. वडील नॉर्वेचे, आई जपानी, जन्म १९०४ साली कोरियातल्या बुसानमध्ये. पीएचडी केली नव्हती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॅनेडियम धातूला धरून ठेवणारा एक रेणू ते बनवत होते. हवा होता तो पदार्थ मिळालाच, पण तळाशी रेशमासारखे पांढरे स्फटिक उरले. किती? ०.४ टक्के. दुसरा कोणी असता तर मोरीत ओतून मोकळा झाला असता.

पेडरसनना जाणवलं की हे स्फटिक एरवी मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत, पण सोडियमचा क्षार टाकला की झटकन विरघळतात. म्हणजे हा रेणू सोडियमला धरत होता. कड्याच्या आकाराचा रेणू, मधे भोक, कडेला आत तोंड करून बसलेले ऑक्सिजनचे अणू. धन भाराच्या आयनाला ते चुचकारून आत घेतात. आकार मुकुटासारखा, म्हणून नाव क्राउन इथर. १९६७ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं आणि १९८७ मध्ये, ८३ व्या वर्षी, डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

कड्याचं माप बदललं की पाहुणा बदलतो. चार ऑक्सिजनचं छोटं कडं लिथियमच्या मापाचं, पाचाचं सोडियमच्या, सहाचं पोटॅशियमच्या. बांगडीवाल्याकडे सव्वादोन, अडीच, पावणेतीन अशी मापं असतात तसंच. मोठी बांगडी मनगटात जाते, पण ठरत नाही.

हे वाचून वाटेल की सगळा खेळ मापाचाच. जर्मन रसायनतज्ज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली तेव्हापासून आपण तसंच शिकत आलो. पण उपमेत एक मोठी गोष्ट राहून जाते : पाणी. पाण्यातला आयन उघडा नसतो, त्याने पाण्याच्या रेणूंचा रेनकोट घातलेला असतो. कड्यात बसायचं तर तो काढून ठेवावा लागतो, आणि रेनकोट सुखासुखी निघत नाही.

किती फरक पडतो ते बघा. पकडीची ताकद सांगायला रसायनतज्ज्ञ एक आकडा वापरतात. आकडा जितका मोठा, तितक्या थोड्या पाहुण्यांतही निम्मी घरं भरतात. सहा ऑक्सिजनच्या कड्याची पोटॅशियमवरची पकड मिथेनॉलमध्ये सुमारे १० लाख. तीच पाण्यात जेमतेम १००. १०० म्हणजे काय? एका लिटरात जवळजवळ ३९० मिलिग्रॅम पोटॅशियम मोकळं असेल तेव्हा कुठे निम्मी कडी भरणार. शिशाच्या ०.०१ मिलिग्रॅमशी ताडून पाहा, म्हणजे पाण्यात काम करणारा संवेदक बनवणं का कठीण ते कळेल. अल्कोहोलमध्ये दिमाखात चालणारे कितीतरी संवेदक नळाच्या पाण्यात मुके होतात. या विषयातले निबंध वाचताना मी आधी ‘कशात विरघळवलं’ ते शोधतो, मग बाकीचं वाचतो.

अजून एक. पाहुणा आत बसतो तेव्हा कुठलाही नवा रासायनिक बंध जुळत नाही. नेहमीचं रसायनशास्त्र लग्नासारखं : बंध जुळला की दोघं मिळून तिसराच पदार्थ. इथे पाहुणचार आहे : पाहुणा येतो, बसतो, उठून जातो, दोघंही आपापल्या जागी तेच राहतात. झाँ-मारी लेन यांनी या शाखेला सुप्रामॉलेक्युलर केमिस्ट्री म्हटलं, म्हणजे रेणूच्या पलीकडचं रसायनशास्त्र. आत घेणारा यजमान, येणारा पाहुणा. इंग्रजी पुस्तकांतही हेच शब्द आहेत.

५. भोपळा

१९०५ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बेहरेंड यांनी ग्लायकोलयुरिल नावाचा पदार्थ आणि फॉर्माल्डिहाइड आम्लात एकत्र केलं. एक पांढरी भुकटी मिळाली. ती सहसा कशात विरघळेना, पण काही क्षारांना आणि रंगांना मात्र धरून ठेवी. तिचा रेणू दिसतो कसा हे कळायला १९८१ साल उजाडलं. विल्यम मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना क्ष-किरणांनी दिसलं : फाकी-फाकींचं, मधे फुगलेलं, वरखाली तोंडं अरुंद असलेलं पोकळ पिंप. हुबेहूब लाल भोपळा, देठ आणि बूड कापलेला. भोपळ्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव कुकर्बिटेसी, म्हणून या रेणूचं नाव कुकर्बिट्युरिल.

हा पहिला भोपळा सहा फाकींचा. २००० साली दक्षिण कोरियात किमून किम यांच्या गटाने पाच, सात आणि आठ फाकींचेही वेगळे काढले. आपल्या कामाचा सात फाकींचा. उंची ०.९१ नॅनोमीटर, आतली पोकळी ०.७३, तोंड ०.५४. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण असं सांगून काही डोळ्यांसमोर येत नाही. देवनारच्या बाजारातला वीतभर उंच, म्हणजे २०-२५ सेंटिमीटरचा, भोपळा घ्या आणि हा रेणू फुगवून तेवढा करा. त्याच प्रमाणात डोक्यावरचा एक केस फुगवला तर त्याची जाडी २० किलोमीटरच्या आसपास भरेल. सीएसएमटीला गाडीत बसून गोवंडीला उतरलात की केसाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोचलात.

आपल्याकडच्या गोष्टीत म्हातारी लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होते आणि परतताना भोपळ्यात बसून वाघा-लांडग्यांना चकवते. कुकर्बिट्युरिलची गोष्ट तीच आहे. आतली पोकळी तेलकट स्वभावाची, पाण्याला नकोशी वाटणारी. दोन्ही तोंडांना सात-सात ऑक्सिजनची झालर, तिच्यावर ऋण भाराची छटा. तेव्हा ज्या पाहुण्याचं अंग तेलकट आणि टोकाला धन भार, तो इथे अगदी मापात बसतो. अडमँटेन नावाच्या गोळीवजा रेणूला असं टोक जोडलं तर पकड होते ४ लाख कोटी. मघाचा १०० आठवा. हे आकडे एरवी फक्त अर्थसंकल्पात दिसतात.

६. कुंपणाआडचं काम

गोवंडीच्या पुढचं स्टेशन मानखुर्द. तिथून अणुशक्तिनगर, आणि ट्रॉम्बेच्या टेकडीपलीकडे खाडीच्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र. १९५४ मध्ये त्याची सुरुवात झाली, अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली. गोवंडी-चेंबूरच्या लोकांना बीएआरसी म्हटलं की अणुभट्टी, पहारा आणि कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या आठवतात. तिथे भोपळ्यांवर काम चालतं, हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

प्रकाश आणि किरण पदार्थाशी काय करतात, हे अणुकेंद्राला कळायलाच हवं. म्हणून तिथे विकिरण आणि प्रकाशरसायन असा विभाग आहे. या विभागातल्या ज्योतिर्मयी मोहंती यांची कारकीर्द बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात ‘युरेका’चा क्षण शोधायला गेलात तर सापडणार नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, पाहुणे बदलून विचारलेला दिसेल : उजळणारा रेणू भोपळ्यात बसवला की त्याच्या उजेडाचं काय होतं?

पहिला मोठा पाहुणा ऱ्होडामाइन ६जी. हा नारिंगी-गुलाबी रंग लखलखीत उजळतो, पण त्याचे दोष तीन. सतत प्रकाश मारला की तो विटतो. पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या करतो. आणि अगदी पातळ द्रावणात काचेलाच जाऊन बसतो, मग मोजणार काय? जर्मनीत ब्रेमेनला वर्नर नाऊ यांच्यासोबत मोहंतींनी २००५ मध्ये दाखवलं की सात फाकींच्या भोपळ्याने ऱ्होडामाइनला आसरा दिला की तिन्ही दोष कमी होतात. रेणू मोठा, पुरता आत मावत नाही, पण अंगाचा जो भाग आत जातो तेवढ्यानेही भागतं. म्हातारी भोपळ्यात, वाघ बाहेर.

याचा उपयोग ट्रॉम्बेत झाला. रंगाच्या द्रावणावर चालणारे लेसर असतात. त्यांत द्रावक म्हणून बहुधा अल्कोहोल वापरतात, कारण पाण्यात रंग गुठळ्या करतो. अल्कोहोल पेट घेतं, पाणी घेत नाही. भोपळ्यात बसवलेल्या रंगाने पाण्यातच असा लेसर नीट चालवता येतो, हे मोहंती आणि बीएआरसीतल्या सहकाऱ्यांनी नाऊ यांच्यासोबत २०१० मध्ये मांडलं.

दुसरा पाहुणा थायोफ्लेविन टी. माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते. हा रेणू दोन तुकड्यांचा, मधे एका बंधाचा सांधा. प्रकाश प्यायला की तो या सांध्यावर गिरकी घेतो आणि मिळालेली ऊर्जा गिरकीतच उडवून टाकतो. उजेड जवळपास शून्य. पण त्याला गिरकी घ्यायला जागाच दिली नाही तर? सकाळी पावणेनऊच्या हार्बर लोकलमध्ये खिशातला फोन वाजला तरी हात खाली नेता येत नाही. तसं दाटीत अडकलेल्या थायोफ्लेविनला हलता येत नाही, मग ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. मोकळा असेल तर अंधार, अडकला तर दिवा. अल्झायमरसारख्या आजारांत साचणारे प्रथिनांचे तंतू ओळखायला डॉक्टर हा रंग पूर्वीपासून वापरतात, तेही याच कारणाने.

असा प्रयोग करताना दिवस कसा जातो ते सांगतो. क्वार्ट्झची एक चौकोनी कुपी, बोटाएवढी उंच, आतून १ सेंटिमीटर रुंद. तिच्यात ३ मिलिलिटर पाणी आणि रंग इतका पातळ की डोळ्यांना पाणीच वाटावं. कुपी यंत्रात ठेवायची, उजेड मोजायचा. मग पिपेटने भोपळ्याच्या द्रावणाचा छोटा थेंब टाकायचा, हलवायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. पुन्हा थेंब. वीस-पंचवीस वेळा. कागदावर बिंदू आधी भराभर चढतात, मग त्यांचा चढ मंदावतो, शेवटी सपाट होतो. सपाट झालं म्हणजे सगळे पाहुणे आत गेले. मघाशी पकडीची ताकद म्हणून जे आकडे दिले ते बऱ्याचदा या वक्राच्या वळणावरूनच काढतात. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तर दिवस फुकट.

२०१० मध्ये शर्मिष्ठा दत्ता चौधरी, मोहंती, हरिदास पाल आणि ए. सी. भासिकुट्टन यांनी थायोफ्लेविन भोपळ्यात बसवून त्यात धातूचे आयन टाकले. एरवी धन भाराचे आयन भोपळ्याच्या तोंडाशी गर्दी करून पाहुण्याला हुसकावतात. झालं वेगळंच. कॅल्शियमसारखा आयन तोंडाच्या ऑक्सिजनच्या झालरीवर झाकणासारखा बसला, आतला रंग आणखी जखडला गेला आणि उजेड कैक पटींनी वाढला. मग त्यांनी अमँटाडीन टाकलं. हे मुळात औषध, पण अंगाने अडमँटेनचंच, म्हणजे भोपळ्याचा लाडका पाहुणा. ते आत शिरलं, रंग बाहेर फेकला गेला, दिवा विझला. धातूने लावायचा आणि औषधाने विझवायचा दिवा. संवेदक म्हणतात तो हाच : कुपीत कोण आलं ते कुपी स्वतः सांगते.

तिसऱ्या टप्प्यात यजमान बदलला. गुणसूत्रांच्या टोकांना डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, त्यात जी नावाचं अक्षर भरपूर. असा धागा कधीकधी स्वतःभोवती चार पदरी घडी घालतो. चार जी एका पातळीत चौकट करतात, चौकटींवर चौकटी रचल्या जातात, आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम बसतं, भोवती ऑक्सिजन. पेडरसनचं कडं आठवलं ना? जिवंत पेशीने ते फार आधीच करून ठेवलं होतं. मोहंती, भासिकुट्टन आणि पवईच्या आयआयटीतले पी. आय. प्रदीपकुमार यांच्या गटांनी २०१३ मध्ये दाखवलं की थायोफ्लेविन या चार पदरी घडीत शिरून लख्ख उजळतो. नेहमीच्या दुपदरी डीएनएत तसा उजळत नाही. एवढंच नाही, उलगडलेल्या धाग्याला तो स्वतःच घडी घालायला लावतो. बाटलीत पडून असलेला स्वस्त रंग, आणि काम कर्करोग-संशोधकांना हवं असलेलं.

आता बहिणीच्या नळाकडे या. शिशाचा आयन या घडीत पोटॅशियमपेक्षा घट्ट बसतो. तो आला की पोटॅशियमला उठवतो, घडीची ठेवण बदलते, आणि थायोफ्लेविनचा उजेड घटतो. हीच जोडी वापरून पाण्यातलं शिसं ओळखायच्या पद्धती पुढे इतर प्रयोगशाळांनी मांडल्या. १८ हजार सोडियम बाजूला ठेवून एकट्या शिशाला धरणारी पकड ती हीच.

७. पवईचा पेला

यजमानांच्या घराण्यात भोपळ्याशिवाय पेलाही आहे. कॅलिक्सारीन. नाव ग्रीक पेल्यावरून, कच्चा माल बेकलाइटच्या जुन्या काळ्या स्विचांच्या भावकीतला : फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड. भोपळ्याला काही जोडायचं तर नाकीनऊ येतात. पेल्याच्या काठाला आणि बुडाला हवे ते हात जोडता येतात. आयआयटी मुंबईत चेब्रोलु पुल्ला राव यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, चार वलयांच्या पेल्याच्या बुडाला हात जोडून वेगवेगळे आयन आणि रेणू टिपायचे. या विषयाचा त्यांचा आणि रॉयमन जोसेफ यांचा २०११ चा आढावा आजही उघडला जातो.

पेल्याला पेडरसनचं कडं जोडलं की सीझिअमसाठी खोली तयार होते. अणुकचऱ्यात सीझिअम-१३७ असतं, त्याची निम्मी किरणोत्सारिता जायला ३० वर्षं लागतात, आणि आजूबाजूला सोडियमचा महापूर. ट्रॉम्बेत अशाच पेला-कड्याच्या रेणूने ते सीझिअम उचलून वेगळं काढलं गेलं आणि काचेत बंद करून त्याच्या कांड्या केल्या. रक्तपेढीतलं रक्त रुग्णाला देण्याआधी त्यावर किरण सोडायच्या यंत्रांत त्या वापरतात.

८. मग पेन कुठे आहे?

आहे, पण नळाशी नाही. दवाखान्यात आहे. श्रीलंकेत वाढलेले आणि बेलफास्टला शिकवणारे ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी सोडियम बसलं की उजळणारे रेणू घडवले. रक्तातले क्षार मिनिटाभरात सांगणाऱ्या यंत्रांच्या कॅसेटमध्ये ते गेले. पकडीचा दुसरा उपयोगही दवाखान्यातच : भुलीत स्नायू ढिले करायला दिलेलं औषध शस्त्रक्रिया संपल्यावर उतरवायला सुगामाडेक्स टोचतात, ते म्हणजे पिठाच्या साखरांपासून घडवलेलं एक कडं; रक्तातलं ते औषध गिळून घेऊन निघून जातं. युरोपात त्याला २००८ मध्ये परवानगी मिळाली.

रक्त हे ओळखीचं गिऱ्हाईक आहे. कोणाचंही काढा, त्यातले क्षार ठरलेल्या हद्दीत. नळाचं पाणी गल्लीगल्लीला बदलतं, पाइप बदलतात, टाक्या बदलतात, क्लोरीन कमीजास्त होतं, आणि क्लोरीन तर रंगाचाच जीव घेतं. शिवाय रक्ताच्या तपासणीला लोक पैसे मोजतात. म्हणून आज शिसं बघायचं तर बाटली भरून प्रयोगशाळेतच न्यावी लागते. बहिणीला मी हेच सांगितलं, आणि पुढच्या वेळी जाताना नोटा तपासायचा छोटा दिवा घेऊन गेलो.

खिडकीला चादर लावली. एका वाटीत पाणी, एका वाटीत हात पुसायचं सॅनिटायझर, दोन्हींत चिमूट-चिमूट हळद. दिवा लावला. पाण्यातली हळद तळाशी मातीसारखी बसून राहिली, मंद. सॅनिटायझरमधली हिरवट-पिवळी पेटली. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि सुटा झालेला रेणू उजळतो, असं मी सांगत होतो. भाचा ऐकत नव्हता. रात्री त्याला हळद घालून प्यायला दिलेलं दूध तसंच ओट्यावर होतं. कप उचलून त्याने दिव्याखाली धरला.

‘मामा, यात कोण बसलंय?’